लेकराच्या हातचे काम आणि शाळेची घंटा

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार असतो. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडकडच्या भगिनी विचारतात की, मुलांना घरचे काम सांगावे की नुसता अभ्यास करू द्यावा? आमच्या आईबापांनी कष्ट उपसले, आम्ही कंपनीत उभे राहून दिवस काढतो, निदान मुलाच्या हाताला तरी घट्टे पडू नयेत, असे त्यांचे म्हणणे. गावाकडून येणारी पत्रे थोडी आणि अक्षर वेडेवाकडे, पण त्यांचा सूर वेगळा असतो. ते लिहितात, काम न करून भागेल कसे? शेरडामागे कोण जाईल?

दोन्ही बाजूंची पत्रे खरी आहेत. त्यांचे उत्तर टेबलाशी बसून देण्यापेक्षा एका लेकराचा दिवस सकाळपासून पाहावा, म्हणून आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीला गेलो. (जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले, पण एस. टी. स्टँडवरची म्हातारी माणसे अजून उस्मानाबादच म्हणतात.)

ढोकी म्हटले की बाहेरच्या माणसाला तेरणा साखर कारखाना आठवतो. मराठवाड्यातल्या जुन्या सहकारी कारखान्यांपैकी हा एक. मध्ये कित्येक वर्षे तो बंद होता, पुढे भाड्याने चालवायला दिला गेला. वारकरी मंडळींना ‘तेरढोकी’ आठवते ती गोरोबा कुंभारांमुळे. आपल्याला तेर आणखी एका कारणाने जवळचे. जुन्या व्यापारी मार्गावरचे तगर नगर ते हेच. तेथल्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले आहेत, आणि तेथले त्रिविक्रमाचे देऊळ मुळात बौद्ध चैत्य असावे असे काही अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंचे संग्रहालय तेथे आहे. सहल काढणाऱ्या मंडळांनी वेरूळ-अजिंठ्याबरोबर तेरही धरावे. आणि याच पट्ट्यात कसबे तडवळे आहे. त्याचे पुढे सांगूच.

ज्या घरी आम्ही गेलो त्या घरच्या लोकांचे नाव देत नाही. आपल्या वस्त्यांत अशी घरे पुष्कळ आहेत. दोन खणांचे पत्र्याचे घर, दारात हापसा, भिंतीवर बाबासाहेब आणि भगवान बुद्ध, शेजारी कोणत्या तरी खताच्या कंपनीचे कॅलेंडर. जमीन दोन एकर, कोरडवाहू. तीही आजोबांनी गायरानात दगड वेचून तयार केलेली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, त्याची हवा मराठवाड्यात गावोगाव पोचली होती. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. ठरले, म्हणजे सगळ्यांच्या सातबाऱ्यावर नाव चढले असे नव्हे. या घराचे चढले आहे. आजोबा तालुक्याला किती वेळा गेले त्याचा हिशेब घरात अजून तोंडपाठ आहे.

घरात आजी, आई, बाप, सहावीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि एक गाय, तीन शेळ्या, दोन करडे. दोन एकरांवर एवढ्यांचे भागत नाही. म्हणून आईबाप दुसऱ्याच्या रानात रोजाने जातात, कधी चारसहा घरे मिळून खुरपणीचे गुत्ते घेतात.

मुलगी पाचाच्या सुमाराला उठते. कोणी हाका मारीत नाही. आईच्या भाकरीचा थापटण्याचा आवाज सुरू झाला की ती आपोआप उठून बसते. तोंडावर पाणी मारून आधी शेण काढते. पाटीत भरून उकिरड्यावर नेते, थोडे गोवऱ्यांसाठी बाजूला ठेवते. मग हापशावर. सहा घागरी. लहान भाऊ हापसा दाबतो, ती घागर लावते. हा दांडा त्याच्या छातीपर्यंत येतो, त्यामुळे तो दांड्याला लोंबकळूनच पाणी काढतो आणि त्याला त्यात मौज वाटते. पाणी झाले की तुराट्या मोडून चुलीपाशी ठेवायच्या, शेळ्यांना रात्रीचा उरलेला पाला टाकायचा, करडांना सोडून पाजायचे आणि वेळेवर ओढून बांधायचे, नाही तर आजीच्या चहाला दूध राहात नाही.

भाकरी, तिखट, कधी येसराची आमटी. तेवढे खाऊन आईबाप सातलाच रानाकडे जातात. मग घर मुलीचे. भावाची आंघोळ, आजीच्या गोळ्या, भांडी, झाडलोट. हे सगळे उरकून दोघे साडेदहाच्या शाळेला पोचतात.

आम्ही तिला विचारले, एवढे काम करून शाळेत झोप नाही येत का गं? ती म्हणाली, “येतीय की काका. गणिताला नाही येत. इतिहासाला येतीय.” आम्ही हसलो, पण तिचे खरे होते. गणित पहिल्या तासाला असते आणि इतिहास खिचडी खाल्ल्यावर.

शहरातल्या वाचकांना हे ऐकून कळवळा येईल. आम्हालाही आला. पण दुपारी सुटीच्या दिवसाचे तिच्याबरोबर रानात गेलो तेव्हा दुसरी बाजू दिसली, आणि ती येथे सविस्तर सांगितली पाहिजे.

ही अकरा-बारा वर्षांची पोर रान वाचते. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. बांधावर उभी राहून तिने वाकून ढेकूळ उचलले, मुठीत दाबले आणि फेकून दिले. म्हणाली, “अजून वापसा नाही. मुठीत गोळा व्हायलाय. भुगा झाला म्हंजी कोळपं घालायचं.” काळ्या जमिनीत वापशाआधी माणूस आणि बैल उतरले तर माती तुडवून घट्ट होते, हे कृषी खात्याच्या पुस्तिकेत छापतात, तिला ते मुठीत समजते. उडीद-मूग सोयाबीनच्या आधी निघतात, सोयाबीन निघाले की त्याच ओलीवर हरभरा पेरायचा, ज्वारी पेरायची तर शाळू हवा म्हणजे भाकरी पांढरी होते आणि कडबाही मिळतो, तूर मात्र उभीच राहू द्यायची, तिला घाई नाही, हे सगळे ती गाण्यासारखे सांगते. कोणते गवत शेळी खाते आणि कोणत्याने तिचे पोट फुगते, तेही सांगते. गायीच्या डोळ्यातून पाणी यायला लागले तर काय बघायचे, हेही. बापाने तिला शिकवले का? “शिकवतंय कोण? बघती की मी.”

‘बघती की मी’ हे तिचे तीन शब्द आम्हाला पुष्कळ दिवस पुरतील.

जगाच्या दुसऱ्या टोकाला मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तेथे माया नावाचे मूळनिवासी शेतकरी लोक राहतात. मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात लावतात, जसे आपल्याकडे ज्वारीत तुरीचे ओळ धरतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि हातावर थापून त्याची भाकरी करतात. माणूस मक्याच्या पिठापासूनच घडला अशी त्यांची जुनी समजूत. बार्बरा रोगॉफ नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाई १९७० च्या दशकापासून तेथल्या आतित्लान तळ्याकाठच्या सान पेद्रो गावात जाऊन लेकरांचे शिकणे पाहत आल्या. त्यांना दिसले ते हेच. तेथे मुलाला बाजूला बसवून धडा देत नाहीत. मूल मोठ्यांच्या मध्येच असते, पाहत असते, आणि हात पोचेल तेथे हात लावते. अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांतली मुले मोठ्यांच्या कामापासून दूर ठेवलेली असतात, त्यांना हे इतके लक्ष देऊन पाहणे जमत नाही, असेही त्यांनी दाखवून दिले. आपल्या पोरी चुलीपाशी, बांधावर, खुरपणीच्या पातीत जे शिकतात त्याला ‘शिक्षण’ म्हणायला आपण लाजतो. त्या बाईंनी त्याच्यावर पुस्तके लिहिली.

पण त्याच माया लोकांत रिगोबेर्ता मेंचू झाल्या. १९९२ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. लहानपणी त्या डोंगरातल्या घरच्या शेतावर काम करीत आणि समुद्रकाठच्या बड्या मळ्यांवर मोठ्यांबरोबर कॉफी तोडायलाही जात. घरच्या शेतावरचे काम आणि मळेवाल्याच्या शेतावरचे काम. दोन्हीकडे त्याच लेकराचे तेच दोन हात. पण आपण मराठवाड्यातली माणसे या दोन कामांतला फरक कोणी न सांगता ओळखतो.

तो फरक घरच्या आजीने सांगितला. आजीचे वय ऐंशीच्या आसपास. धर्मांतराच्या वेळी त्या परकऱ्या होत्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वाट्याचे काम होते भाकरी मागायचे.

“आमी सांजच्याला पाटी घेऊन जायचाव,” त्या म्हणाल्या. “दाराच्या भायेर उभं ऱ्हायाचं आन् हाळी द्यायची. वरून टाकायचे. कवा ताजं, कवा शिळं. माजा बाप दिसभर त्यांचा सांगावा घेऊन कोसकोस पळायचा, लाकडं फोडायचा, मेलं जनावर वडायचा. त्येचा पगार म्हंजी ती पाटी. आन् ती पाटी आणायला आमी पोरं.”

आम्ही विचारले, तुम्हाला तेव्हा त्याचे काही वाटत होते का?

“भूक वाटत हुती.”

वतनाचा हा फास बाबासाहेबांनी किती आधी ओळखला होता हे नव्या पिढीने ध्यानात घ्यावे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये ते याच भागात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. ज्या शाळेच्या इमारतीत बाबासाहेब उतरले होते ती आपल्या लोकांनी आजवर मनात जपली आहे. दरवर्षी फेब्रुवारीत तेथे माणसे जमतात. बाबासाहेबांचा मुक्काम शाळेत पडला, ही गोष्ट आम्हाला तरी साधी वाटत नाही.

१९५६ नंतर आजीच्या बापाने पाटी फोडून टाकली. गावाने काही दिवस काम बंद केले, दळण बंद केले. घर उपाशी राहिले, पण पाटी परत घरात आली नाही.

आता त्याच घरातली नात डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन जाते. ते आपल्या आईबापासाठी असते, आपल्या दोन एकरांकडे जात असते. आजी दारात बसून ती वळणाआड जाईपर्यंत पाहत असतात. तेव्हा ‘मुलांना काम लावणे वाईट’ असे सरसकट म्हणणारांनी थोडे थांबावे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या बालपणाची हकीकत दिली आहे. शाक्यांच्या वप्पमंगल सणाला प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरायचा असे. सिद्धार्थ विद्वान असूनही नांगर धरी, अंगमेहनतीला त्याने कमी लेखले नाही. आणि त्याच सिद्धार्थाने बापाच्या शेतावर उघड्या अंगाने उन्हात राबणारे मजूर पाहिले तेव्हा, एकाने राबावे आणि दुसऱ्याने त्या राबण्यावर जगावे हे योग्य कसे, असे आपल्या मित्रांना विचारले. या दोन्ही गोष्टी ग्रंथात जवळजवळ आल्या आहेत. घरोघरी ग्रंथवाचन होते तेव्हा ही पाने मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.

एवढे सांगून झाले. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

मुलीची शाळेची वही आम्ही पाहिली. अक्षर सुरेख आहे. पण गणिताच्या वहीत अपूर्णांकांचा धडा अर्धा आहे, आणि त्यानंतर एकदम दशांश अपूर्णांक सुरू होतात. मधली पाने कोरी. आम्ही विचारले तर म्हणाली, “तवा सोयाबीन हुतं.”

धाराशिव, लातूर भागात आता खरिपाला सोयाबीनच सोयाबीन. ते काढायला येते सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. पीक वाळले की थांबता येत नाही. दोन दिवस उशीर झाला की शेंगा तडकून दाणे रानात सांडतात, आणि परतीचा पाऊस आला तर उभ्या पिकाला कोंब फुटतात. त्या पंधरवड्यात मजुरीचा भाव वर्षातला सगळ्यात चांगला असतो. आईबाप दिवस उगवायच्या आत बाहेर पडतात, कधी दोनदोन ठिकाणची काढणी घेतात. मग आजीला आणि घराला कोण बघणार? जनावरांना पाणी कोण दाखवणार? मुलगी. चुलतीचे तान्हे मूलही तिच्याकडेच. मुलगा मात्र त्या दिवसांतही शाळेत जातो. तो लहान आहे, घरी राहून काय करणार, असे आई म्हणाली. आम्ही विचारले, तो सहावीत गेल्यावर त्याला ठेवाल का घरी? आई काही बोलल्या नाहीत. भाकरी उलटली आणि पदराने तोंड पुसले.

आम्ही त्या माऊलीला दोष देत नाही. तिच्या हातांना सोयाबीनच्या धसांनी पडलेल्या चिरा आम्ही पाहिल्या. पण हिशेब मांडला पाहिजे. मुलीने बुडवलेले ते दहाबारा दिवस म्हणजे नुसते दहाबारा दिवस नसतात. अपूर्णांक राहिले की दशांश कळत नाही, दशांश कळले नाही की टक्केवारी कळत नाही, टक्केवारी कळली नाही की आठवी-नववीत बीजगणिताच्या तासाला मान खाली. मग मास्तर म्हणतात पोरीला गणित जमत नाही, बाप म्हणतो कशाला पुढं शिकवायचं, आणि सोळाव्या वर्षी पाहुणे यायला लागतात. पोरीचे शिक्षण एका दिवसात कोणी बंद करीत नाही. ते दर ऑक्टोबरला थोडे थोडे बंद होते.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचे शिक्षण. बालकामगार कायदा १९८६ चा, त्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोठल्याही धंद्यात कामाला लावता येत नाही. पण घरच्यांना किंवा घरच्या धंद्यात मदत करता येते, ते काम धोक्याचे नसावे आणि शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत असावे. ही सवलत दिली गेली तेव्हा पुष्कळांनी विरोध केला होता. त्यांचे म्हणणे असे की, या देशात ‘घरचा धंदा’ म्हणजे बहुधा जातीचा धंदा. चांभाराचे पोर चामड्यापाशी, झाडूवाल्याचे पोर झाडूपाशीच राहील. विरोध रास्त होता असे आमचे मत आहे. आणि दुसरे असे की, पत्र्याच्या घरात कोण मुलगी कधी काय काम करते हे पाहायला कोणताही निरीक्षक येणार नाही. ‘शाळेच्या वेळेनंतर’ हे दोन शब्द पाळायचे की नाही ते त्या घरातल्या आईबापांच्याच हातात राहिले.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. शेण, पाणी, शेळ्या, भाकरीचे गाठोडे, खुरपे हे खुशाल मुलांच्या हाती द्या, मुलालाही आणि मुलीलाही. भावाने भांडी घासली तर त्याचा हात मोडत नाही. पण शाळेची घंटा झाली की काम हातातून सुटले पाहिजे. सुगीच्या दिवसांचा बंदोबस्त आधीपासून करावा. पूर्वी शेतकरी वारंगुळ्याने एकमेकांच्या रानात राबत; तसाच वारंगुळा लेकरे सांभाळायचाही करता येईल. वस्तीतल्या दोन आजीबाई आणि एक आई यांनी विहारात बसावे, सगळ्यांची तान्ही मुले तेथे ठेवावीत, आणि ज्या आईचा त्या दिवसाचा रोज बुडेल तिला बाकीच्यांनी मिळून द्यावा. महिला मंडळांना हे अवघड नाही. वर्षावासाचा कार्यक्रम तीन महिने चालवणाऱ्या आमच्या भगिनी पंधरा दिवस एवढे करतील.

काही कामे मात्र सुटीच्या दिवशीही मुलाला सांगू नयेत. फवारणीची टाकी भरताना पाणी आणून द्यायला पोरांना पिटाळतात. बाप औषध ओततो, पोर काठीने ढवळते. हे पाहिले की आमच्या पोटात गोळा येतो. ते पीक वाचवायचे औषध असले तरी लेकराला विष आहे. रिकाम्या डब्यात पिण्याचे पाणी भरून रानात नेणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. डबा फोडून पुरावा. मळणी यंत्रापाशी मुलीला ओढणी घालून उभे करू नये, पेंढी लावायला तर मुळीच नाही. विहिरीला कठडा नसेल तर मोटार चालू करायला मुलाला पाठवू नये.

गोरोबा कुंभारांची गोष्ट सगळा महाराष्ट्र भक्तीची म्हणून सांगतो. चिखल तुडवताना नामात दंग झाले आणि स्वतःचे लेकरू पायाखाली गेले. पुढचा चमत्कार ज्याने त्याने मानावा न मानावा. आपण मानीत नाही. आम्हाला त्या गोष्टीत तेरढोकीचे एक कामकरी घर दिसते. बाप कामात, आई पाण्याला गेलेली, आणि रांगणारे मूल चिखलापाशी. सांभाळायला कोणी नाही. असे घर आजही या शिवारात कोठेही सापडेल.

ढोकीत कारखान्यामुळे आणखी एक बालपण पाहायला मिळते. हंगाम सुरू असताना ऊसतोड्यांच्या कोप्या पडतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल दिवाळीआधीच घेतलेली. त्या कोयत्याच्या मागे लेकरे येतातच. सात-आठ वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन फडाच्या कडेला बसलेली असते, थोडी मोठी झाली की वाढे गोळा करते, मोळ्या बांधते. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी मूल गावीच राहून शिकेल. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक मिळते, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही जाहीर झाली. आपल्या समाजातलेही पुष्कळ कोयते दरवर्षी बाहेर पडतात. गाडीत सामान चढवण्याआधी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटावे, हंगामी वसतिगृहाची सोय आहे का ते विचारावे, नसेल तर हमी पत्रक मागून घ्यावे. मागितल्याशिवाय ते कोणी हातात देत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. पाचवीपासून पुढच्या मुलींना गावाबाहेर शाळेला जायचे असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस. टी. चा मोफत पास आहे. अनुसूचित जातीच्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. रक्कम मोठी नाही. पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीमागे रोज एक रुपया देण्याची रीत सरकारने घातली, आणि तो रुपया वर्षानुवर्षे रुपयाच राहिला. एक दिवस सोयाबीन काढून आई जेवढे आणते त्याच्यापुढे तो रुपया ठेवून पाहा! सरकारने तरी कोणत्या तोंडाने म्हणावे की पोरीला घरी ठेवू नका? तरी पास आणि शिष्यवृत्ती दोन्ही मागून घ्यावी. ती आपल्या हक्काची आहे.

ढोकीच्या त्या घरी संध्याकाळी आम्ही बाप घरी आल्यावर बोललो. माणूस कमी बोलणारा. वहीतली कोरी पाने त्यांना दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, दिव्याजवळ नेली. मुलगी तेव्हा विहारात वंदनेला गेली होती, रोज सातला वस्तीतली पोरे तेथे जमतात, त्रिसरण-पंचशील घेतात आणि मग थोडा वेळ तेथेच अभ्यास करतात, कारण विहारात ट्यूबलाइट आहे. तिच्यामागोमाग भाऊही गेला होता. बापाने वही मिटली.

“मला वाटलं पाटीपुस्तक हाये, शाळा हाये, म्हंजी चाललंय,” ते म्हणाले. मग बायकोकडे बघून म्हणाले, “औंदा माझ्या भणीला बोलवू का गं सुगीला? तिचं रान आपल्या आधी निघतंय.”

आई म्हणाल्या, “बोलवा. पर तिच्याकडं आपल्याला जावं लागंल मग.”

“जाऊ की.”

आजी आत गोधडी पसरीत होत्या. त्यांनी आतूनच विचारले, “आन् पोरीची ती ऱ्हायलेली पानं कोण शिकवणार?” त्याचे उत्तर कोणाकडे नव्हते. बापाने आमच्याकडे पाहिले. विहारात अभ्यास घेणारा बारावीचा एक मुलगा आहे, त्याला उद्या विचारू, असे ठरले आणि आई जेवायला वाढायला उठल्या.